भरल्या टाकीचा लाल

मंगलकाकी आमच्या खानापूरकडच्या गावात रोज सकाळी देवळाम्होरं पाण्याची रांगोळी घालायची. म्हणजे घागर काढायची, तिच्यात पाच आडव्या पट्ट्या, आणि टाकीत जेवढं पाणी तेवढ्या पट्ट्या खालनं भरायच्या. बस्स. पंचायतीचा बोर्ड कन्नडात, आमची म्हातारी माणसं मराठी वाचणारी, कितीतरी दोन्ही न वाचणारी. घागर मात्र सगळ्यांना कळायची. दोनच पट्ट्या दिसल्या की त्या दिवशी बायका गोधड्या धुवायला काढायच्याच न्हाईत.

पाणी बघून सांगायचा माझा चुलता, नागेंद्रकाका. तो गावचा वॉटरमन, पाणी सोडणारा. टाकीवर चढायचा, आत डोकवायचा आणि वरनंच बोटं दाखवायचा.

काकी खालनं ओरडायची, "चार का पाच ओ? अंगठा दिसंना!"

"अंगठा काय घरात ठेवून आलोय व्हय गं?"

रोज तेच, आणि रोज दोघं हसणार. मूलबाळ नव्हतं त्यांना. टाकी पूर्ण भरली की पाचही पट्ट्या लालभडक, काकी लांबनं उभी राहून बघत बसायची.

मी बेळगावात कॉलेजला आहे. आकड्यांची चित्रं करणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, जगभरातली माणसं आपापले चार्ट टाकतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. मी काकीच्या घागरीचा फोटो टाकला आणि लोक वेडेच झाले! पण सगळ्यांचं एकच, रंग चुकलाय. लाल म्हणजे धोका. पाणी निळं दाखवा. मी घरी गेल्या गेल्या काकीला सांगितलं, भरलेलं निळं कर, रिकामं लाल.

"रिकाम्या घागरीला कुंकू लावू व्हय गं?" काकी म्हणाली. "भरलेल्यालाच लाल शोभतंय. त्यांना म्हणावं, या एकदा पाणी भरायला."

काका म्हणाला, "रचना, तिच्या डोक्यात काय घालू नको. निळ्या रंगासाठी मलाच बाजारात पळवंल."

मीपण ग्रुपवर ठणकावून लिहिलं, आमच्यात भरलेलं लालच असतं.

यंदा भातलावणीच्या दिवसात काका गेला. पाणी सोडून आला, जरा टेकतो म्हणाला, आणि उठलाच न्हाय. सुतकात रांगोळी नसते, त्यामुळं देवळाम्होरं नुसती सारवलेली जागा. नवीन वॉटरमन महादेव आला, पण पाणी किती हे कुणालाच कळेना. बायका काकीच्या दारात येऊन विचारायला लागल्या. दिवस घातल्यावर काकीचा मला फोन, "उद्यापासनं घालते गं. सकाळी तेवढंच त्यांच्यासंगट असल्यागत वाटतंय." मी मिळेल ती गाडी धरून गेले.

तिनं घागर काढली. महादेवनं वरनं पाच बोटं दाखवली. काकीनं मान वर केली, पण ओरडली न्हाय. लालची पुडी सोडली, तेवढ्यात देवळाच्या कट्ट्यावर बसलेली म्हातारी रुक्माबाई म्हणाली,

"मंगल, घागर घाल बाई, पाणी सगळ्यास्नी लागतंय. पर देवळाम्होरं लाल तेवढं आता तुझ्या हातनं नको."

मी तडकलेच. "आज्जी, टाकीला नवरा असतोय व्हय?"

"गप, रचना." काकीनं मला दटावलं.

"मग मी भरते लाल! दे इकडं."

"तू भरलीस तर ती तुझी घागर झाली," काकी म्हणाली. तिनं पुडी नीट मिटली, माझ्या हातात दिली, घरात गेली आणि कपड्यांची नीळ घेऊन आली. पांढऱ्या रांगोळीत कालवून एकेक पट्टी भरली. रुक्माबाई दुसरीकडं बघत बसलेली.

"तुझ्या ग्रुपवाल्यांचं ऐकलं बघ शेवटी," काकी म्हणाली. "फोटो काढ. दाव त्यांना."

मला टाकायचाच नव्हता. पण ती समोर उभी होती, म्हणून टाकला. लगेच अंगठे, टाळ्या. एकानं लिहिलं, आता बरोबर झालं. दुसऱ्यानं लिहिलं, किती सुंदर सुधारणा!

"काय म्हणत्यात गं?"

"छान म्हणतात."

"लाल कुठं गेला म्हणून विचारलं का कुणी?"

"न्हाय काकी."

"बरं," ती म्हणाली आणि निळी बोटं पदराला पुसत राहिली.