अर्जातला बिबट्या

त्या दिवसांत मला झोप मिळायची ती मोरांच्या मर्जीने. कॉल सेंटरची पाळी संपवून मी सकाळी घरी यायचे, अंथरुणाला पाठ टेकायचे आणि नेमके तेव्हाच पत्र्यावर मोर उतरायचे. एखादा नाही, चांगले चार-पाच. त्यांची नखं पत्र्यावर अशी खरखरायची की दात शिवशिवायचे. मी तणतणत अंगणात येऊन हाताला लागेल ते भिरकावायचे. मोर सावकाश बाभळीवर जाऊन बसायचे आणि मी डोळे मिटले की परत हजर.

"आता कोन कोनाला तरास देतंय?" गोठ्यातून आप्पा विचारायचे. "त्ये आधीपासनं हायेत हितं."

आप्पा म्हणजे माझे वडील. वारजेच्या पुढे, हायवे ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर होतं. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात आम्ही दोघं, गोठ्यात चार म्हशी, आणि मग बाकीची मंडळी: सरपणाच्या ढिगात घोरपड, गोठ्याच्या भिंतीत धामण, उकिरड्यामागे मुंगसाचं जोडपं. ऑफिसात मुली विचारायच्या, तुझ्या घरी कोण कोण असतं? मी म्हणायचे, वडील. बाकीची नावं सांगायची मला लाज वाटायची.

आप्पांचा खरा जीव होता तो मागच्या बंद पडलेल्या दगडखाणीतल्या तरसावर. तरस हा काही कौतुकाने बघावा असा प्राणी नाही. पुढून उंच, मागून बसका, अंगावर काळे पट्टे, आणि चालणं असं की आत्ताच कुठे तरी पाय मुरगळलाय. ती मादी होती. म्हैस किंवा रेडकू मेलं की आप्पा ते ओढत नेऊन खाणीच्या तोंडाशी ठेवत. आजोबाही तेच करत असत. दोन-चार दिवसांत तिथे हाडसुद्धा शिल्लक राहत नसे. आणि आमच्या गोठ्यातल्या जित्या रेडकाला तिने कधी तोंड लावलं नाही.

सकाळी धारा काढून झाल्या की आप्पा मातीच्या रस्त्यावर वाकून ठसे बघत. कोण आलं, कोण गेलं, कोण लंगडतंय. मला त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं की बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, त्याच्या ठशात नखं दिसत नाहीत. तरसाची नखं मात्र बोटांपुढे मातीत टोचलेली असतात. त्या हिवाळ्यात एके दिवशी ते खाणीकडून आले आणि हळूच म्हणाले, "दोन पिल्लं हायेत. कुठं बोलू नगंस." पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा असा की त्यांच्याच घरी बारसं आहे.

मला त्या पिल्लांचं काही वाटलं नाही. माझं चित्त कशातच नव्हतं.

कंपनीची गाडी मला हायवेलाच सोडायची. पुढे कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला ड्रायव्हर तयार नसायचा. मग किलोमीटरभर चालत यायचं, तेही थंडीत उजाडायच्या आधी. रस्त्याला एकही दिवा नव्हता. एकदा ती तरसाची मादी दहा पावलांवर आडवी आली. आम्ही दोघी थांबलो. तिने मला बघितलं, मी तिला, आणि ती आपली बाजूच्या गवतात उतरून गेली. मी दचकले, पण भीती म्हणावी अशी ती नव्हती.

खरी भीती त्यानंतर आठवड्याभराने कळली. मागून मोटारसायकल आली आणि पुढे गेलीच नाही. दोघं होते. बोलले नाहीत, शिट्टी मारली नाही, फक्त माझ्या चालीने गाडी चालवत राहिले, आमच्या दारातल्या कडुलिंबापर्यंत. मग वळून गेले. मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून नोकरी बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानंतर मला एका जागी बसवेना. फोनवर परदेशातल्या गिऱ्हाइकांची समजूत काढताना माझा पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा. पहाटेचे पाच वाजले की मी मिनिटा-मिनिटाला घड्याळ बघायचे.

रस्त्यावर दिवे लावा म्हणून आम्ही आधी तीन अर्ज केले होते. उत्तर ठरलेलं: पुरेशी वस्ती नाही.

त्याच हिवाळ्यात खाणीच्या पलीकडच्या नव्या बारा मजली सोसायटीत माणसं राहायला आली आणि वस्ती झाली. एका रविवारी तिचे सेक्रेटरी आमच्या दारात आले. निवृत्त गृहस्थ, पांढरे बूट, डोक्यावर टोपी. आप्पा वैरण आणायला गेले होते.

"तुम्ही इथले जुने," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. "सकाळी फिरताना काढला. जरा बघून सांगता का, हा बिबट्याच ना?"

फोटोत ओल्या मातीतला ठसा होता. चार बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे नखाचं बारीक टोक.

"तुमच्या रस्त्याला दिवे नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. तीन अर्ज केले."

"छान. म्हणजे बिबट्याची गैरसोय होऊ नये याची महापालिकेने पुरेपूर काळजी घेतलेली दिसते." ते हसले नाहीत. "हे बघा, बिबट्या असेल तर मी महिन्याभरात दिवे आणून दाखवतो. कुत्र्याबित्र्याचा ठसा असेल तर मात्र मला कुणी दारात उभं करणार नाही."

मी फोटो परत दिला.

"बिबट्याच आहे," मी म्हणाले.

अर्ज मीच लिहिला. माझं मराठी चांगलं होतं आणि अक्षरही. प्रत्यक्ष पाहणारा माणूस असल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं, म्हणून मी लिहिलं की खाली सही करणाऱ्याने सदर बिबट्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी कागद, आधीच्या तिन्हींसारखाच, सहीसाठी आप्पांपुढे धरला.

"कसला हाय?"

"रस्त्याच्या दिव्यांचा."

"चौथा ना ह्यो?" त्यांनी धोतराला हात पुसले. त्यांना वाचता येत होतं, सावकाश, पण येत होतं. "तूच लिवलंयस ना? मग झालं." आणि त्यांनी सही केली.

सेक्रेटरींनी अर्जाची एक प्रत वनखात्यालाही दिली होती. पाच-सहा दिवसांनी सकाळीच तिथला गार्ड आला. बरोबर सेक्रेटरी आणि सोसायटीतली आणखी चार माणसं. आप्पा दुधाची बादली घेऊन गोठ्याबाहेर येत होते. गार्डने अर्ज काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मी दारात उभी होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, हे वाक्य आलं तेव्हा आप्पांनी बादली खाली ठेवली.

"काका, सही तुमचीच ना?"

"माजीच."

"मग बिबट्या तुम्ही पाहिलात?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब लागत नसला की माणूस बघतो तसं. मला बोलायचं होतं. आप्पांनी पाहिलेला नाही, मी लिहिलंय, आणि का लिहिलंय तेही. ती मोटारसायकल जिभेच्या टोकापर्यंत आली होती. पण सेक्रेटरी माझ्याकडेच बघत होते, आणि मी गप्प राहिले.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पाह्यला."

"केवढा होता?"

"मोठा व्हता."

"कुठे दिसला?"

त्यांनी हात वर केला आणि खाणीच्या बरोबर उलट दिशेला, घायपाताच्या काटेरी कुंपणाकडे दाखवलं. मग स्वतः पुढे होऊन त्या सगळ्यांना तिकडे घेऊन गेले. ठशांच्या बाबतीत हा माणूस माझ्या आजोबांशीही वाद घालायचा. त्या दिवशी तो गार्डला कोरड्या मातीत नसलेला बिबट्या दाखवत होता आणि मी दारात उभी राहून बघत होते.

पिंजरा घायपातापाशी लागला. आत बांधलेली शेळी महिनाभर फुकटचा पाला खाऊन गुबगुबीत झाली. पण सोसायटीच्या वॉचमनांनी रोज संध्याकाळी खाणीच्या काठावरून फटाके लावायला सुरुवात केली, त्याला आप्पा काय करणार? त्यांना तर कुणी विचारलंही नाही. मग दिवे आले, खांबामागून खांब, खाणीच्या तोंडापर्यंत. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आप्पा सकाळी खाणीकडे जाऊन आले आणि चूळ भरत म्हणाले, "गेली."

"पिल्लं?"

"एक न्हेलं असंल. एक हितंच हाय. मेलेलं."

त्यांनी ते कुठे पुरलं मला माहीत नाही.

दिव्यांखालून चालत येताना मला बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही. मोटारसायकल परत कधी आली नाही. पाय हलायचा तो थांबला. आणि बरं वाटतंय याचाच मला इतका राग यायचा की घरी येऊन मी उगाच भांडी आपटायचे. आप्पा आज बोलतील, उद्या बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ओरडून ती मोटारसायकल त्यांच्यापुढे टाकली असती. ते आपले धारा काढत, वैरण टाकत राहिले.

मात्र बिबट्या त्यांच्या मागे लागला तो लागलाच. रस्ता चांगला झाल्यावर सोसायटीतली माणसं रोज आमच्या दारावरून फिरायला जात. "काका, बिबट्या तुम्हीच पाहिला होता ना?" आप्पा हातातलं काम ठेवून सांगत. पहिल्यांदा एका वाक्यात उरकायचे. पुढे लोक खोदून विचारायला लागले, तसे त्याला ठिपके आले, लांब शेपूट आली, डोळे आले. मी घरात असले तर आतल्या खोलीत जायचे.

माझं लग्न झालं, मी वारजेला फ्लॅटमध्ये राहायला गेले. माझी मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा एकदा आजोबांच्या मांडीवर बसून तिनेही तोच बिबट्या मागितला. आप्पांनी सगळा सांगितला, ठिपक्यांसकट. ती खेळायला पळाली तशी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"आप्पा, हिला तरी खरं सांगा," मी म्हणाले.

त्यांनी अंगणात खेळणाऱ्या तिच्याकडे बघितलं.

"खरं सांगितलं," ते म्हणाले, "तर खोटं कुनी लिवलं, त्ये बी सांगावं लागंल तिला."