मागचे आजून हसतेत

नेकनूरच्या आमच्या हौशी नाटक मंडळात तो प्रॉम्प्टर आहे. एरवी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. चहाच्या टपरीवर कुणी बोलता बोलता अडखळला, की पुढचा शब्द तो हळूच पुरवतो. ओठ हलताना दिसत नाहीत, आणि शब्द बरोबर तोच असतो. त्याच्या शेजारी बसलो, की मी जरा भरभर बोलतो.

यंदा आम्ही एक जुनं विनोदी नाटक बाजारतळावर, उघड्यावरच बसवलं. मी त्यात विसरभोळा सासरा. तालमीला समोर कुणी नसायचं, नुसतं मोकळं मैदान आणि पलीकडं ज्वारी. तरी हशाच्या जागी तो हात वर करायचा. "थांबा मास्तर. लोकाला हसू द्या." हात खाली आला, की आम्ही पुढचं वाक्य घ्यायचो. शिस्त म्हणून मला ते पटलंही होतं.

प्रयोग दिवसाउजेडी झाला. सासऱ्यानं स्वतःच्या जावयालाच नवा पाहुणा समजून मुलगी दाखवली, तेव्हा मैदानभर हशा पिकला. मग ओसरला. लोक गप्प होऊन माझ्याकडं बघू लागले. कनातीआडचा हात मात्र वरच.

"थांबा. मागचे आजून हसतेत."

लोकांच्या मागं ज्वारी होती. मी थांबलो. हात खाली यायला बराच वेळ लागला.

प्रयोगानंतर कनातीच्या दोऱ्या सोडताना मी त्याला गाठलं. "अरे, पण मागं तर..." म्हणालो आणि अडखळलो.

वहीवरची नजर न काढता त्यानं पुढचे शब्द हळूच पुरवले.

"कुणीच न्हवतं."