काकांची टू-सीटर आणि माझी छोटी गाडी

हिंजवडीत नोकरी लागून तीन वर्षं झाली, तेव्हा मी एक छोटी हॅचबॅक घेतली. अमरावतीच्या आमच्या घरात तोवर कुणी चारचाकी घेतली नव्हती. बिबवेवाडीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या काकांकडे मात्र जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार होती. लाल, उघडी, दोनच सीटची. काकांचं गॅरेज होतं. भंगारात निघालेली ती गाडी त्यांनी सहा वर्षं खपून स्वतः उभी केली होती.

माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "छान आहे. भाजी आणायला सोयीची."

मला ते लागलं. "तुमच्या गाडीत भाजी ठेवायलाही जागा नाही, काका."

"मग रविवारी अदलाबदल करू. कात्रजच्या घाटात. तू माझी चालव, मी तुझी."

रविवारी सकाळी निघालो. काकू माझ्या गाडीत बसल्या. लाल गाडीत मी इतकी खाली बसले होते, की शेजारच्या ट्रकचं चाक माझ्या कानाशी फिरत होतं. स्टिअरिंग जड, ब्रेक त्याहून जड. पण घाटातल्या एका वळणावर ती अशी काही वळली, की मी एकटीच मोठ्यांदा हसले.

वर पोचले तेव्हा काका कधीचे येऊन थांबले होते. काचा बंद, एसी चालू, काकू गाढ झोपलेल्या.

"आवाजच नाही हिला," ते हळू म्हणाले. ही तक्रार की कौतुक, मला कळेना. मग काकूंकडे बघून म्हणाले, "माझ्या गाडीत हिला कधी झोप लागली नाही."

दोन महिन्यांनी त्यांनी माझ्यासारखीच हॅचबॅक बुक केली आणि मला विचारलं, "लाल गाडी तू ठेवतेस?"

मी आठ दिवस विचार केला. ती मला हवी होती, आणि तरीही मी नाही म्हणाले.

"का गं?"

"माहीत नाही, काका."

"मी का देतोय तेही मला नीट माहीत नाही," ते म्हणाले.

कोल्हापूरचे एक गृहस्थ ती टेम्पोवर चढवून घेऊन गेले. मी फाटकापाशी उभी राहून रडत होते. काका पायरीवर बसून नव्या गाडीचं माहितीपुस्तक वाचत होते. खरं वाईट कुणाला वाटायला हवं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.