‘कार्यकर्ता व्हा’चं बटण

दूध न हलवता ठेवलं की साय धरते, तसे किस्सेही धरतात. मी फारसा बोलत नाही, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

जळगावच्या आमच्या ऑफिसात निवडणुकीतल्या उमेदवारांच्या वेबसाइट तपासतात. मोबाइलवर उघडते का, बटणं चालतात का, प्रश्नाला उत्तर येतं का. मृणालमॅडम मार्क देतात, मी चहा देतो. पण शेवटची तपासणी माझ्याकडे. मॅडम म्हणतात, “आबा, तुम्हाला जमलं की मतदाराला जमलं!” बटण दाबण्याआधी मी दोनदा विचारतो, ते वेगळं.

*

एका साइटवर ‘विकासकामे’ दाबलं. हिरवं शेत आणि मागे बर्फाचे डोंगर! बाहेर जळगावचं ऊन.

“कसं वाटतंय, आबा?”

“थंडी वाजतेय, मॅडम.”

*

दुसऱ्या साइटवर आपोआप उत्तरं यायची. नाव, नंबर, फोटो दिला आणि ‘तुमची समस्या’मध्ये आपल्या बोलीत लिहिलं, “गल्लीमा पानी नई शे.”

पाणी नाही म्हटल्यावर लगेच उत्तर, “शेअर केल्याबद्दल धन्यवाद!”

मॅडम हसत सुटल्या. मी घाबरलो. “कोणाला केलं शेअर?”

*

त्याच साइटवर खाली ‘कार्यकर्ता व्हा’. मॅडम म्हणाल्या, “बटण आहे का तेवढं बघा. दाबू नका.”

मी बोट ठेवून दाखवलं, “हे काय, इथे आहे!”

टिंग! उमेदवाराशेजारी माझा फोटो, खाली ‘आमचा शिलेदार’.

फोटो काढून टाका म्हणून मॅडमनी साइटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. मॅडमनी त्यांचे मार्क कापले. फोटो तसाच!

*

मी रोज धरणगावहून येतो. तिथे आमच्या शेजारी नाना राहतो. लहानपणापासूनचा मित्र. रोज संध्याकाळी चहाला आमच्या ओट्यावर. त्याचा पुतण्या नेमका याच उमेदवाराविरुद्ध उभा.

त्या संध्याकाळी नाना आला नाही. सकाळी रस्त्यात दिसला. “काय शिलेदार!” म्हणाला आणि थांबला नाही.

बायकोने विचारलं, “भांडलात का?”

“नाही गं. बोट लागलं.”

निवडणुकीच्या दिवसांत हे कोण खरं मानणार? बायको रोज नानाचा कप भरायची आणि तसाच झाकून ठेवायची.

*

तेवढ्यात त्या उमेदवाराच्या माणसाचा फोन. “शिलेदार, उद्या सभेला चार मित्र आणा!”

मी म्हटलं, “भाऊ, मला मित्र एकच. तोही तुमच्यामुळे येत नाही.”

*

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर चपला वाजल्या. नाना! चष्मा नाकावर, हातात मोबाइल. माझ्याकडे न बघता नेहमीच्या जागी बसला.

“वहिनीनी मले बठ्ठं सांगं. आते कोठेच बोट लावू नको!”

सगळं सांगून आलेल्या बायकोने चहा आणला. नानाने मोबाइल माझ्यापुढे धरला. तीच साइट. ‘तुमची समस्या’मध्ये नानाने लिहिलं होतं,

“आबा आमना शे. परत द्या.”

खाली उत्तर आलेलं, “शेअर केल्याबद्दल धन्यवाद!”