सुगराखालाचा जागता कॅमेरा

म्हसळ्यात आणि आसपासच्या मोहल्ल्यांत लग्न ठरलं की मंडपवाल्याच्याही आधी सुगराखालाला निरोप जायचा. कारण साधं होतं. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही आणि बाई फोटोग्राफर या भागात ती एकटीच. त्यात अलीकडे आणखी एक रीत पडली होती. कुठल्याशा लग्नातले बायकांचे फोटो व्हॉट्सअॅपवरून नको तिथे फिरले, तेव्हापासून बायकांच्या मांडवाच्या दाराशी एक टोपली ठेवतात आणि येणारी प्रत्येकजण आपला मोबाईल तिच्यात टाकून आत जाते. म्हाताऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, तरुण पोरी मात्र हातच गळून पडल्यासारखं तोंड करतात. मग आत उरतो तो सुगराखालाच्या गळ्यातला कॅमेरा, बस्स.

फोटो काढायला तिला नवऱ्याने शिकवलं. करमअलीचा बाजारात स्टुडिओ होता, रोलच्या जमान्यातला. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याला बंद-चालू असं काही बटणच नव्हतं. कपाटात ठेवला की ठेवला. महिन्याने काढा, तेवढाच ताजा. सुगराखालाचा हात त्या कॅमेऱ्यावर बसला आणि एकदा बसलेला हात काही सहजासहजी उठत नाही. सहा वर्षांपूर्वी करमअली गेला. स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं. मुलगा अझहर तोवर दोहाला नोकरीला लागला होता. त्याने तिकडून आईसाठी डिजिटल कॅमेरा पाठवला आणि ती लग्नं करू लागली.

एकटेपणाबद्दल लोक फार मोठमोठं बोलतात. मला तरी तो कधी मोठा दिसला नाही. तो बारीकसारीक असतो. एका कपाच्या चहाला दूध किती घालायचं हे हाताला समजत नाही, एवढाच असतो. सुगराखालाने घरातल्या वस्तू बंद करणंच सोडून दिलं होतं. टीव्हीचा आवाज बंद, पण चित्र चालू. पडवीतला बल्ब दिवसाढवळ्या जळतोय. शेजारणीने टोकलं तर म्हणायची, "असू दे गो, घरात कोनतरी जागं हाय असं वाटतं." आणि तो कॅमेरा. तो पलंगाजवळच्या फळीवर असायचा, बटण कायम चालूवर. थोड्या वेळाने त्याचा स्क्रीन आपोआप काळा व्हायचा. ती जाता-येता बटणाला बोट लावायची की स्क्रीन चटकन उजळायचा. घरात हाक मारल्यावर ओ देणारं तेवढंच उरलं होतं, असं मी म्हटलं तर ती माझ्यावर चिडेल, पण ते खरं आहे.

अझहरने तिला दहादा समजावलं होतं. "अम्मी, स्क्रीन काळा झाला म्हंजे बंद झाला न्हाय. त्याला स्टॅण्डबाय म्हंतात. तो झोपेचं सोंग घेतो आनि आतून बॅटरी पीत ऱ्हातो. तू बटन ऑफवर कर."

"करते," असं ती म्हणायची आणि करायची नाही. फोटो मोबाईलवर पाठवायचं वायरलेस बटणही अझहरनेच कधीतरी चालू करून दिलं होतं, तेही तसंच राहिलं होतं. म्हणजे कॅमेरा रात्रंदिवस कुणाला तरी शोधत बसलेला.

जोडीची दुसरी बॅटरी होती, ती फुगली. नवी अझहर येताना आणणार होता. माणगावला जाऊन ती स्वतःही घेऊ शकली असती, तासाभराचं काम. नाही घेतली. मुलगा येताना आणणार आहे असं म्हणता येतं, तोवर मुलगा येणार आहे. दोन वर्षं ती असंच म्हणत होती.

तर मोहल्ल्यातल्या महनूरचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाची तारीख कॅलेंडर बघून ठरत नाही, कंपनीची रजा बघून ठरते. नवरामुलगा मस्कतहून आलेला, त्याची रजा संपत आलेली. महनूरचा बाप रज्जाक कुवेतला. त्याला मिळाले मोजून चार दिवस. दोघांच्या रजा जिथे एकमेकींना भेटल्या तो रविवार धरला. दुपारी निकाह आणि मुलीला निरोप दिला की बापाने तसंच गाडीत बसून मुंबईचा विमानतळ गाठायचा.

कॅमेऱ्याची बॅटरी सुगराखालाने बुधवारीच पुरी भरून आत घातली होती. मग नेहमीप्रमाणे कॅमेरा फळीवर, बटण चालूवर. रविवारी सकाळी निघताना बघते तर बॅटरीच्या चित्रात निम्म्याच कांड्या. एकही फोटो न काढता निम्मी बॅटरी गेली होती. लाइनच्या कामासाठी पहाटेपासून वीज नव्हती, त्यामुळे घरी भरायची सोय नव्हती, आणि मांडवात जनरेटर असेल हे घाईत सुचलं नाही. चार्जर फळीवरच राहिला. होईल तेवढ्यात, असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला फार लवकर पटवतो.

नवरीची तयारी झाली, मेंदीचे हात झाले, मावश्या झाल्या, आत्या झाल्या, आत्यांच्या सुना झाल्या. नवरी कबूल म्हणाली, तो फोटो तर झकास निघाला. दोन फोटोंच्या मधे जरी तिने बटण बंद केलं असतं तरी निभावलं असतं. पण कॅमेरा गळ्यात तसाच लटकलेला, जागा.

रुखसतीची, म्हणजे मुलीच्या पाठवणीची, वेळ आली. बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. रज्जाक आत येणार म्हणताच बायकांनी ओढण्या पुढे घेतल्या. तो आला तो प्रवासाच्या शर्टपँटमध्येच, हातात पासपोर्टचं पाकीट. महनूरशेजारी उभा राहिला आणि पाहुण्यासारखा अवघडून तिच्या डोक्यावर हात ठेवला. बावीस वर्षांची मुलगी आणि चोवीस वर्षं कुवेतला राहिलेला बाप. एकमेकांची सवय नव्हती त्यांना.

महनूरची आई हमिदा पुढे झाली. "सुगराआपा, ह्या दोगांचा येक काडा. बापलेकीचा धड फोटो न्हाय आमच्याकडं. हायत ते समदे व्हिडिओकॉलमधले."

सुगराखालाने कॅमेरा डोळ्याला लावला. अंधार. बटण दाबलं. अंधारच. पहिल्यांदाच त्याने ओ दिली नाही.

तिने बॅटरी काढली, ओढणीवर घासली, मुठीत धरून ऊब दिली, पुन्हा घातली. स्क्रीनवर लाल रंगाचं रिकामं चित्र पळभर चमकलं आणि विझलं.

"भाबी, झाला काय?" रज्जाकने विचारलं.

"जरा थांबा. हलू नका. इकडं बघा, माज्याकडं."

तेव्हा तिने एक शब्द जरी तोंडातून काढला असता तर दाराशी टोपलीभर मोबाईल होते. पन्नास हात पुढे आले असते. पण तो शब्द म्हणजे, सुगराखालाला आता जमत नाही, असं पन्नास बायकांसमोर आपल्याच तोंडाने सांगणं. लग्न हेच एक दार होतं, ज्यातून ती अजून दुसऱ्यांच्या घरात जाऊ शकत होती. ते बंद झालं तर रविवार कुठे घालवायचे? तिला तो रिकामा रविवार समोर दिसला आणि ती घाबरली. तिने मेलेला कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, थोडी थांबली, पुन्हा दाबलं.

"झाला," ती म्हणाली. "चांगला आला."

"शुक्रिया, भाबी," रज्जाक म्हणाला आणि गेला.

मग आठ दिवस थापांचे. तेवढा एकच फोटो कम्प्युटरवर उघडत नाही. अझहरला पाठवलाय, तो साफ करून देतोय. रज्जाक कुवेतहून रोज बायकोला विचारायचा, हमिदा रोज सुगराखालाला विचारायची. बाकीचे फोटो तिने दिले, दोनशेच्या वर. महनूर श्रीवर्धनला सासरी गेली होती, तिलाही पाठवले. पण बाप एकाच फोटोसाठी अडून बसला होता. आता कॅमेरा सुगराखालाने ऑफ करून कपाटात टाकला होता आणि तिला जेवण जात नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती हमिदाकडे गेली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

हमिदा तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून तिने विचारलं, "म्हंजे काडलाच न्हाय?"

"न्हाय."

"आनि आमाला उभं केलंव? आनि वर सांगितलंव चांगला आला?" हमिदाचा आवाज चढला. "तेचा मोबाईल गाडीत व्हता, आपा. पाच पावलांवर. आता आनू कुठून मी ती येळ?"

पुढच्या दोन लग्नांना फोटो काढायला माणगावची एक मुलगी आली आणि सुगराखालाला कुणी बोलावलं नाही, ते नंतरचं. त्या दुपारी हमिदाने फक्त आपला फोन उचलला, कुवेतचा नंबर लावला आणि तो तिच्यापुढे धरला. "मी न्हाय सांगनार त्येला. तुमीच सांगा." आणि ती उठून मागीलदारी गेली.

रज्जाकने फोन उचलला. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"रज्जाकभाय, मी सुगरा. तो फोटो न्हाय निघाला. बॅटरी संपली व्हती. मी खोटं बोलले. मला शरम वाटली."

तो रागावेल म्हणून तिने डोळे मिटून घेतले. तो रागावला असता तर बरंच झालं असतं. यंत्राचा आवाज दूर गेला, तो कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

"भाबी," त्याने विचारलं, "ती रडत व्हती काय?"

"कोन?"

"महनूर. तुमी बोल्लाव ना, हलू नका, इकडं बघा. मी तुमच्याकडंच बघत ऱ्हायलो. मनात म्हटलं, तिला फोटोत बघीन. नंतर, सावकाशीनं."

सुगराखालाला आता काहीही सांगता आलं असतं. हसत होती, गोड दिसत होती, अशी कुठलीही गोष्ट, आणि खरंखोटं करायला कुणी येणार नव्हतं. पण कॅमेरा बंद असला तरी बघणारी ती होती आणि तिने बघितलं होतं.

"रडत नव्हती," ती म्हणाली. "तिनं कॅमेऱ्याकडं बघितलंच न्हाय, रज्जाकभाय. ती तुमच्या तोंडाकडं बघत व्हती."



"किती येळ?"

"तुमी मांडवाच्या भाईर जाईपरेंत."