खंडेनवमीला पूजा कोणाची

जुन्या कॉम्प्युटरमध्ये जागा व्हावी म्हणून मी त्यातली सगळ्यात मोठी फाइल उडवली. कोणी ती कधी उघडलेली नव्हती आणि नावही आपल्या ओळखीचं नव्हतं. आधी ती हटेना, ‘वापरात आहे’ म्हणाली. म्हटलं, या घरात माझ्याशी वाद घालणारे आधीच पुरेसे आहेत. इंटरनेटवर कुणी भल्या माणसाने दिलेली आज्ञा जशीच्या तशी टाइप केली आणि तिचा निकाल लावला.

संध्याकाळी बायको मंडळाच्या भोंडल्याची गाणी टाइप करायला बसली. मागे मी उघडे ठेवलेले फोटो होते, इंटरनेटही चालू होतं. चारपाच गाणी झाली असतील, पडदा गोठला. माउस हलेना. शेवटी बटण दाबून बंद केला आणि गाणी गेली.

“मी काही केलेलं नाही,” मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

नवरात्रासाठी मुलगी पुण्याहून आली होती. तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“बाबा, रॅम म्हणजे आपला ओटा. ओट्यावर मावेनासं झालं की जे लागत नाही ते आई माळ्यावर टाकते, लागलं की खाली काढते. तुम्ही उडवलीत ती स्वॅप फाइल म्हणजे माळा होता. तुम्ही माळाच पाडलात.”

“मग बांधू परत.”

“त्यापेक्षा भंगारात द्या ना. दसऱ्याला मी नवीन आणते.”

इथे माझं डोकं फिरलं. हिच्या पहिलीपासूनचे फोटो ज्याने सांभाळले, त्याला भंगार? म्हातारा झाला, दमतो, एवढाच ना गुन्हा? मग माझाही नंबर फार लांब नाही.

“खंडेनवमीला पूजा याचीच होणार,” मी जाहीर केलं.

“पूजा चालणाऱ्या हत्याराची करतात, बाबा.”

मग ठरलं. नवमीला सकाळी गाणी, फोटो आणि इंटरनेट एकदम उघडून दाखवायचं. गोठला, तर भंगारवाला.

स्वॅप फाइल पुन्हा तयार केली. या वेळी आज्ञा टाइप करण्याआधी वाचली. कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता येऊन बसणारे प्रोग्रॅम हाकलले. रॅम मात्र कमीच होती. दुकानदार म्हणाला, “काका, याचे पार्ट आता येत नाहीत.” म्हणून एसटीने निफाडला मेहुण्याकडे गेलो. त्याच्या द्राक्षांच्या शेडमध्ये असाच एक कॉम्प्युटर मरून पडला होता. त्याची रॅमची पट्टी काढली, टोकं खोडरबराने घासली आणि खिशात घालून आणली. घरी ती जागेवर चपखल बसली. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

बायकोने तोवर गाणी पुन्हा टाइप केली होती. प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची आणि माझ्याकडे बघायची.

नवमीला पाटावर विळी, कात्री, पाना, स्क्रू ड्रायव्हर मांडले. कॉम्प्युटर टेबलावरच होता. मुलीने गाणी उघडली, मग फोटो, मग इंटरनेट. पंखा गिरणीसारखा घरघरला. आतली हार्ड डिस्क कुरकुरू लागली, म्हणजे माळ्यावर चढउतार सुरू झाली होती. पडदा जरा थांबला. मीही थांबलो. मग तिन्ही खिडक्या एकेक करत उघडल्या.

“हा चालत नाहीये, बाबा, रांगतोय.”

“रांगणाऱ्याला कोणी घराबाहेर काढतं का?”

ती हसली आणि बाजूला झाली. बायकोने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग वर, खऱ्या माळ्याकडे पाहिलं. तिथे माझा बंद पडलेला टेबलफॅन, दोन रेडिओ आणि कशाकशाची खोकी वर्षानुवर्षं सुखात आहेत.

“अहो,” ती म्हणाली, “न विचारता माळा रिकामा करायची हौस पुन्हा आली, तर या वेळी त्या माळ्यापासून सुरुवात करा.”