जिमखान्याच्या कपाटातली यादी

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, म्हणजे दादा, कांदा साठवायच्या चाळीत बसून सडका कांदा वेगळा काढत होते. मी पाया पडायला वाकले, तरी त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला नाही. पोरगी धावायला चालली असती तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. मी चालले होते चालायला. वेगात चालण्याची शर्यत असते, तिच्यात पदक मिळतं, आणि ती शिकायला देवळा सोडून नाशिकच्या कॉलेजात राहायचं, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. चालायला तर तू इथेच शिकलीस, एवढं बोलून ते जे गप्प झाले ते झालेच.

स्टँडवर आई एकटी आली. भाकऱ्या, लसणाची चटणी आणि का कोण जाणे, घरातला एकुलता एक टॉर्च तिनं माझ्या पिशवीत कोंबला. मी रडायला लागले तेव्हा पदरानं माझं नाक पुसत म्हणाली, “जाय बेटा. घर आठेच शे, ते कोठे पयी जात नही.” आपल्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची जी मंडळी पुण्याला जाऊन अहिराणी विसरली आहेत त्यांच्यासाठी सांगते: घर इथेच आहे, ते कुठे पळून जात नाही.

हे सगळं लिहायला बसले ते आपल्या दहावीच्या ग्रुपमुळेच. माझा फोटो असलेला कॉलेजच्या गेटवरचा फ्लेक्स कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि तुम्ही अभिनंदनाचा पूर आणलात. सुनी मॅडम झाली, सुनी डिपार्टमेंटची हेड झाली. ती वर केलेल्या अंगठ्यांची चित्रं बघून मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दोन वर्षं उत्तरच दिलं नाही. आता देते. गावात राहिलेल्यांनी वाचा आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनीही वाचा.

नाशिकनं मला फार माया दिली. हॉस्टेलच्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, आठवड्याभरात त्याच ‘काय करी राहिनी’ म्हणायला लागल्या. पहाटे गंगापूर रोडनं मी कंबर हलवत चालायचे तेव्हा दूधवाले सायकली थांबवून बघायचे. पुढे स्पर्धा जिंकले, देशाचा ब्लेझर घातला, रेल्वेत नोकरी लागली आणि सोळा वर्षं सिकंदराबादला काढली. तिथे सकाळी इडली, ऑफिसात हिंदी, मैदानावर तेलुगू आणि फोनवर आईशी अहिराणी. गुडघा गेला तेव्हा मैदान सुटलं. नोकरी होतीच, पण दिवसभर खुर्चीत बसून करायचं काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्याच जुन्या कॉलेजातून बोलावणं आलं. क्रीडा विभागाला प्रमुख हवा होता. मला घडवणारे सर तोपर्यंत वारले होते. मुलाखतीत संस्थेच्या एका सदस्यांनी विचारलं की ऑफिसच्या कामाचा अनुभव काय. मी काही बोलायच्या आत प्राचार्य मॅडम म्हणाल्या की एवढं मोठं नाव आपल्याकडे येतंय, कागदांचं काय, ते होईल. सगळे हसले. मीही हसले. आयुष्यात इतकं चुकीच्या वेळी मी कधी हसले नसेन.

कारण मैदानाचं मला सगळं येत होतं. पहिल्या महिन्यात मी ट्रॅक आखून घेतला, पोरींना पहाटे साडेपाचला उभं केलं, स्वतः दुखऱ्या गुडघ्यानं त्यांच्याबरोबर चालले. चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला लागलेला असावा लागतो, दोन्ही उचलले की पंच कार्ड दाखवतात. हे पोरींच्या पायात मुरवायला मी तीन महिने घेतले. त्या काळात त्यांचे पात्रता अर्ज, म्हणजे तुम्ही कोणत्या कॉलेजच्या, वय काय, किती शिकलात हे लिहून विद्यापीठाकडे पाठवायचे कागद, माझ्या किट बॅगेत होते. बुटांच्या खाली. मेल येत होते ते मी बघून ठेवत होते. मला वाटायचं, वेळ आली की फोन येईल. माझ्या वेळी नेहमी कोणीतरी सांगत आलं होतं की सुनंदा, मंगळवारी निघायचंय.

फोन आला, तोही आयोजकांचा. विभागीय स्पर्धेचं उद्घाटन माझ्या हस्ते करायचं होतं. मी खूश होऊन विचारलं की आमच्या मुलींची शर्यत किती वाजता आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मॅडम, तुमच्या कॉलेजची एंट्रीच आलेली नाही. मुदत सोमवारी संपली.” मी माझं नाव पुन्हा सांगितलं. तो बिचारा संकोचून म्हणाला की मॅडम, तुम्हाला कोण ओळखत नाही, तुम्ही या ना, पण पोरींची नावंच नाहीत तर त्यांना उभं कसं करू.

सोळा पोरींचं वर्ष माझ्या बुटांखाली गेलं. त्यातल्या पंधरा पुढच्या वर्षीही कॉलेजात असणार होत्या. सोळावी आफरीन. मालेगावची, बाप यंत्रमागावर, पोरगी हॉस्टेलला. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि बापाशी ठरलं होतं की या स्पर्धेत विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे शिकायचं आणि चालायचं, नाही झाली तर घरी परत. तिच्या पायात माझ्यापेक्षा जास्त होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी मैदानावर सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. पोरी रडल्या. आफरीन रडली नाही. बुटाची नाडी बांधत म्हणाली, “मॅडम, उद्या प्रॅक्टिस हे ना?” त्या प्रश्नानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्घाटनाला मी गेले नाही. राजीनामा लिहिला. पण देण्याआधी एका माणसाला भेटावंसं वाटलं, ते म्हणजे पगारे मामा. माझ्या काळात ते जिमखान्याचे शिपाई होते. चेंडूत हवा भरणं, मैदानावर चुन्याची फक्की मारणं, आमच्या गुडघ्यांना लाल औषध लावणं आणि सगळे फॉर्म भरणं, हे त्यांचं काम. आता ते एकलहऱ्याला मुलाकडे असतात, मुलगा वीज केंद्रात आहे. दुपारी गेले तर मामा अंगणात नातवाची बॅट टेपनं गुंडाळत बसले होते. मी सगळं सांगितलं. एवढंच विचारायला आले होते की मामा, तुम्ही इतकी वर्षं एकही फॉर्म कसा चुकवला नाहीत.

मामांनी टेप दातानं तोडली. मग म्हणाले, “एक चुकला होता बाई. तुझाच.”

माझं दुसरं वर्ष. तुम्हाला आठवत असेल, त्या हिवाळ्यात मी अचानक दहा दिवस गावी आले होते आणि लागणीच्या वाफ्यात तुमच्याबरोबर कांद्याची रोपं लावत बसले होते. मला सरांनी सांगितलं होतं की पुरेशा मुली आल्या नाहीत म्हणून यंदा चालण्याची शर्यतच रद्द झाली, तू घरी जाऊन ये. शर्यत रद्द नव्हती. मामांकडून माझा अर्ज पाठवायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी मामा राजीनामा लिहून सरांसमोर उभे राहिले. सरांनी तो वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले की इथे लिहा, पुन्हा चुकू नये म्हणून काय काय करायचं. दोघांनी बसून यादी केली. सरांनी ती चिकटपट्टीनं जिमखान्याच्या लोखंडी कपाटाला, दाराच्या आतल्या बाजूनं लावली.

“रोज दार उघडलं की माझाच राजीनामा माझ्याकडं पाठ करून उभा,” मामा म्हणाले. “तुला सांगायचं लय वेळा मनात आलं. तोंड नाय झालं. तुझं एक वर्ष खाल्लं बाई मी.”

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मामांनाही तिथेच सांगितलं. त्या दहा दिवसांतल्या चौथ्या दिवशी मी पाटाच्या रस्त्यानं एकटीच चालत होते. रुसले होते, पण पाय काही ऐकत नव्हते. मागून सायकलची घंटी वाजली. दादा. दीड वर्षात माझ्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. म्हणाले, या चालण्यात कठीण ते काय असतं. मी सांगितलं की एक पाय जमिनीवर हवा, आणि आपला सुटला की नाही हे आपल्याला स्वतःला कळत नाही, बाहेरच्यानं बघावं लागतं. ते सायकलवर टेकून जरा उभे राहिले. मग म्हणाले, “तू चाल. मी देखस.” आणि उरलेले सहा दिवस रोज सकाळी ते माझ्यामागून सायकल घेऊन यायचे, मान वाकडी करून माझ्या टाचा बघत, पाय सुटला की घंटी वाजवत. तुमच्यापैकी काहींनी त्याची टिंगलही केली होती, मला सगळी नावं आठवतात. पुढे प्रत्येक मोठ्या शर्यतीत ती घंटी माझ्या कानात होती. दादा जाऊन सहा वर्षं झाली. एक शर्यत गेली आणि माझा बाप मला परत मिळाला, आणि हे कोणाच्या चुकीमुळे झालं ते मला त्या अंगणात कळलं. मी मामांच्या पाया पडले. त्यांनी बॅट बाजूला ठेवून आधी डोळे पुसले, मग मला चहा घे म्हणाले.

परत आल्यावर सरळ जिमखान्यात गेले. कपाट मी सहा महिने रोज उघडत होते. आतल्या बाजूला पिवळा कागद आहे हेही रोज दिसत होतं, जुनं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. चिकटपट्टी वाळून कडक झाली होती, हळू सोडवली. मागे खरंच ‘मा. प्राचार्य यांस’ होतं, आणि त्याखाली, कोणाचा अर्ज राहिला ते सांगताना, माझं पूर्ण नाव. पुढच्या बाजूला मामांच्या गोल अक्षरात यादी. फॉर्म पोरीच्या हातात देऊन मोकळं होऊ नये, समोर बसवून भरावा. शेवटची तारीख आठ दिवस अलीकडची धरावी. घरचा पत्ता विचारावा तेव्हा तिथे कोण कोण आहे आणि पोरगी इथे आलेली त्यांना आवडलं का, तेही विचारावं. आणि शेवटी, पेन बदलून, बहुधा सरांनीच लिहिलेलं: ज्या पोरीच्या घरचे नाराज आहेत तिचा फॉर्म पहिला.

इतकी वर्षं मी समजत होते की मी माझ्या पायांनी गाव सोडलं आणि माझ्या पायांनीच जग फिरले. माझा फॉर्म दरवर्षी त्या गठ्ठ्यात सगळ्यात वर असायचा, हे मला त्या दिवशी समजलं. मी दार लावून पोटभर रडले आणि मग किती बरं वाटलं ते काय सांगू.

दुसऱ्या दिवशी आफरीनला घेऊन मालेगावला गेले. बाप नुकताच पाळीवरून आला होता, कपड्यांना सुताचे धागे चिकटलेले. मी बसलेही नाही. उभ्यानंच सांगितलं की पोरीची नाही, चूक माझी आहे, कागद माझ्याकडे होते, एक वर्ष मला उधार द्या. आफरीन दाराशी उभी राहून बापाकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत होती. त्यानं बाहीवरचा एक धागा काढून टाकला. मग म्हणाला, “मॅडम, मास्टर लोग बच्चों की गलती बताने आते हैं. अपनी बताने कोई नहीं आया था.” आणि आत बघून चहा सांगितला. चहा झाल्यावर म्हणाला, “एक साल और सही. मगर फॉर्म आप टाइम पे भरना.”

तिनं आमच्याच कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं आणि यंदा तिचा फॉर्म पहिला भरला. ती विभागीय स्पर्धेत दुसरी आली, विद्यापीठाच्या संघात गेली, तिथे एका पंचानं कार्ड दाखवल्यावर बिचकून हळू झाली, सातवी आली आणि संतापून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या बापानं मला फोन करून विचारलं की पाय सुटतो म्हणजे नक्की काय होतं. मी त्याला सायकल आहे का विचारलं.

माझा राजीनामाही वाया गेलेला नाही. कोऱ्या बाजूवर आताची यादी लिहिली, पोर्टल, पासवर्ड आणि ओटीपीसकट, आणि मामांच्या कागदाखाली चिकटवली.

गेल्या महिन्यात आईचं डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला केलं. तिला देवळ्याला सोडायच्या दिवशी नेमके फॉर्म भरायचे होते, म्हणून तिला जिमखान्यातच बसवलं. काळा चष्मा लावून, चेंडूंच्या जाळीशेजारी, खुर्चीत पाय वर घेऊन ती ऐटीत बसली होती. पोरी येता-जाता तिच्या पाया पडत होत्या. दारात अजून सात जणी उभ्या, दुपारची एसटी चुकणार, माझी धावपळ चाललेली. मी एका पोरीला म्हटलं की तू पत्ता उद्या सांग, आज फक्त सही कर. तेव्हा आई मागून म्हणाली, “दम खाय बेटा. घर आठेच शे, ते कोठे पयी जात नही.”

ती देवळ्याबद्दल बोलत होती की आम्ही बसलो होतो त्या खोलीबद्दल, हे मी विचारलं नाही. पेन पुन्हा उघडलं आणि त्या पोरीला समोरच्या स्टुलावर बसवलं. “सांग,” म्हटलं, “घरी कोण कोण आहे? आणि तू इथे आलेली त्यांना आवडलं का?”